डेव्हिड मोरन : गुडघा दोनदा गेला तरी केरीच्या मधल्या फळीत

लिमरिककर

आयर्लंडमध्ये राहायला आलेल्या मराठी माणसाला रग्बी पटकन कळतं, काठ्यांनी खेळायचं हर्लिंग बघून धडकी भरते, आणि गेलिक फुटबॉल मात्र "हे कसलं फुटबॉल, हातात घेऊन पळतायत" म्हणून बाजूला पडतं. तेव्हा आधी नियम थोडक्यात. प्रत्येक संघात पंधरा जण. मैदान आपल्या ओळखीच्या फुटबॉलच्या मैदानापेक्षा बरंच मोठं, १३० ते १४५ मीटर लांब. चेंडू हातात धरता येतो, पण चार पावलांच्या आत तो आपटावा लागतो, नाहीतर पायावर टाकून पुन्हा हातात झेलावा लागतो. आडव्या दांडीवरून मारला तर एक गुण (२०२५ पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारला तर दोन), दांडीखाली जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. धावफलकावर २-९ दिसलं तर दोन गोल आणि नऊ गुण, एकूण पंधरा.

मधल्या फळीत दोघेच. गोलकीपरची लांब किक हवेत असताना या दोघांनी प्रतिस्पर्ध्यांच्या घोळक्यातून उडी मारून ती डोक्यावर झेलायची, खाली पडताना तोल सांभाळायचा, आणि लगेच वळून पुढच्या माणसाला पास द्यायचा. अडचण उडीत नसते, खाली येण्यात असते. वर कुणाचा खांदा लागतो, पाय वाकडा पडतो, आणि सगळं वजन एका गुडघ्यावर येतं.

डेव्हिड मोरन हा असाच मधल्या फळीचा खेळाडू. केरी हा परगणा, ट्रली हे गाव, केरिन्स ओ'राहिलीज हा क्लब. जन्म १९८८. बाप डेनिस 'ओगी' मोरन. १९७५ ते १९८६ या काळात ज्या पाच जणांनी केरीकडून प्रत्येकी आठ ऑल-आयर्लंड (म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाची) पदकं मिळवली त्यांतला एक, १९७८ चा कर्णधार, नंतर संघाचा प्रशिक्षकही. अशा घरात पोरगा सेंटर फॉरवर्ड न होता मधल्या फळीत गेला, हेच मला हुशारीचं वाटतं. निदान बापाच्या जागेशी तरी तुलना टळली.

मोठ्या संघात तो २००८ मध्ये आला. २००९ च्या विजेत्या चमूत होता. त्याच सुमारास डारा ओ'शे निवृत्त झाला. दीड दशक केरीची मधली फळी म्हणजे डारा ओ'शे असं समीकरण होतं, आणि ती जागा आता याचीच असं सगळे धरून चालले होते. मग २०११ ला गुडघ्याचं क्रुशिएट लिगामेंट, म्हणजे सांधा आतून बांधून ठेवणारा पट्टा, फाटलं. ऑपरेशन, व्यायाम, परत उभं राहणं, आणि २०१२ ला पुन्हा क्रुशिएट. त्यातून सावरतो तोवर डोळ्याच्या पडद्याची दुखापत. बाविशी ते पंचविशी, ज्या वयात खेळाडू घडतो, ती वर्षं फिजिओच्या टेबलावर गेली.

आणि २०१४ ला हा माणूस आला तो थेट ऑल स्टार होऊन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पंधरांत निवडला जाऊन. त्या वर्षीची मेयोविरुद्धची उपान्त्य लढत कुणाला मिळाली तर जरूर बघा, दोन्ही सामने. पहिला डब्लिनच्या क्रोक पार्कवर, म्हणजे या खेळाच्या मुख्य मैदानावर, १-१६ असा बरोबरीत सुटला. फेरसामना लिमरिकला, कारण क्रोक पार्क त्या शनिवारी अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या सामन्यासाठी आधीच दिलेलं होतं. (मेयोवाले यावरून आजही कावतात.) जादा वेळेत केरीनं ३-१६ विरुद्ध ३-१३ असा जिंकला. अंतिम सामन्यात डोनेगॉलला २-९ विरुद्ध ०-१२ असं हरवलं. तो सामना लोकांच्या लक्षात राहिला डोनेगॉलच्या गोलकीपरची चुकलेली किक थेट किरन डॉनहीच्या हातात पडली आणि त्यानं गोल केला म्हणून. मोरननं आणि अँथनी माहरनं वर्षभर मधली फळी कशी धरून ठेवली ते फार कुणी बोलत नाही.

पुढे २०१९ ला दुसरा ऑल स्टार, आणि २०२२ ला, चौतिशीत, गॉलवेविरुद्ध अंतिम सामन्यात सुरुवातीपासून मैदानात. ०-२० विरुद्ध ०-१६. तिसरं पदक. मग निवृत्ती.

माझं म्हणणं एवढंच की त्याला 'सतत जायबंदी होणारा' असं लेबल लावून लोक मोकळे होतात, ते मला पटत नाही. आणि दुसरं, हा खेळ पूर्ण हौशी आहे. कुणाला पगार नाही. म्हणूनच तो टिकला असं मला वाटतं. पगारी खेळात दोन क्रुशिएटनंतर त्याचा करार कोणी वाढवला असता?

नानबा

वाचतोय. नियम पहिल्यांदाच नीट कळले. पगार नाही म्हणजे खरंच शून्य? क्रोक पार्कात तर ८२ हजार लोक बसतात म्हणे. मग तिकिटांचा पैसा जातो कुठे?

लिमरिककर

नानबा, खेळण्याचे पैसे शून्य. सरावाला येण्याजाण्याचा प्रवासभत्ता मिळतो, आणि खेळाडूंच्या संघटनेमार्फत सरकारी अनुदानाची थोडी रक्कम. पैसा मैदानांत, क्लबांत, मुलांच्या प्रशिक्षणात जातो. १८८४ मध्ये या खेळाची संस्था, गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन (जीएए), स्थापन झाली तेव्हापासून हौशीपणा हा तिचा पाया आहे. २०१४ ला केरीचा प्रशिक्षक एमन फिट्झमॉरिस होता, तो डिंगलच्या शाळेत मास्तर. सोमवारी सकाळी वर्गात हजर.

मालवणी_मासो

आमच्या वराडकरांचो देश मां तो! मगे मालवणात ह्यो खेळ कित्याक नाय?

ढवळ्या

@मालवणी_मासो 😀 प्रत्येक आयर्लंडच्या धाग्यावर वराडकर आणलाच पाहिजे का?

लिमरिककर, लेख आवडला, पण "म्हणूनच तो टिकला" हे जरा गुलाबी चष्म्यातून बघितल्यासारखं आहे. तो टिकला कारण तो केरीचा होता आणि ओगी मोरनचा मुलगा होता. लहान परगण्यातल्या एखाद्या पोराचा गुडघा लागोपाठ दोन वर्षं गेला असता तर त्याची वाट कुणी बघितली असती? तिथे माणसं कमी असतात म्हणून कदाचित बघतीलही, पण ऑपरेशनचं, चांगल्या फिजिओचं, नोकरीत सुट्टीचं जमवायचं कुणी?

डॉ_कुंदा

फिजिओ आहे म्हणून राहवत नाही. थोडं तांत्रिक लिहिते, कंटाळा आला तर पुढे जा.

क्रुशिएट, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे एसीएल म्हणतात ते, बऱ्याचदा कुणी धक्का न देताच फाटतं. धावता धावता अचानक थांबणं, वळणं, किंवा उडीवरून एका पायावर उतरताना गुडघा आत वळणं. लिमरिककरांनी जे वर्णन केलंय, हवेत झेल घ्यायचा आणि जमिनीवर येताच वळायचं, ते नेमकं तेच. त्यामुळे मधल्या फळीतल्या माणसाचं लिगामेंट गेलं तर त्याला 'ठिसूळ' म्हणण्याआधी तो दिवसभरात किती वेळा उडी मारून खाली उतरतो ते बघावं.

ऑपरेशनमध्ये फाटलेलं शिवत नाहीत. गुडघ्याच्या वाटीखालच्या किंवा मांडीमागच्या स्नायूबंधाचा तुकडा काढून नवं लिगामेंट बसवतात. तो तुकडा शरीरात रुजायला महिने लागतात. गंमत अशी की चारेक महिन्यांत पेशंटला एकदम छान वाटायला लागतं. सूज नाही, दुखत नाही, सरळ धावता येतं. आणि तोच काळ धोक्याचा. नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्यांत पुन्हा फाटण्याचं प्रमाण स्पष्ट जास्त असतं. विशीतल्या खेळाडूंत तर फारच. मांडीच्या स्नायूत दुसऱ्या पायाइतकी ताकद आली का, एका पायावर उडी मारून स्थिर उतरता येतं का, हे मोजूनच सोडायला हवं. कॅलेंडर बघून नव्हे.

आणि हे शरीराचं झालं. दुसऱ्यांदा फाटल्यावर माणूस पहिल्या दिवसापासून पुन्हा पाय उचलायच्या व्यायामाला लागतो तेव्हा त्याच्या डोक्यात काय चालतं ते मी रोज बघते. पहिल्यांदा सगळे जिद्दीनं येतात. दुसऱ्यांदा बरेच जण येतच नाहीत.

डब्लिनमधल्या सॅन्ट्रीला गुडघ्याचे नावाजलेले सर्जन आहेत, रे मोरन. केविन मोरनचे भाऊ, जो डब्लिनकडून गेलिक खेळला आणि मग मँचेस्टर युनायटेडकडून. आडनाव तेच असलं तरी ओगी मोरनच्या घराण्याशी गल्लत करू नका.

चढाईपटू

कुंदाताई, +१००. 'दुसऱ्यांदा येतच नाहीत' हे अगदी खरं.

मी जिल्हा पातळीपर्यंत कबड्डी खेळलो. आमच्यात चढाई करताना बोनस घेऊन मागे वळताना गुडघा जातो, नाहीतर कुणी घोट्याला धरलं आणि वरून साखळी अंगावर आली की जातो. आमच्या तालमीत ज्यांचा गुडघा गेला त्यांतले निम्मे हाडवैद्याकडे लेप लावून आले. एमआरआय नावाची गोष्ट असते हे प्रो कबड्डी सुरू झाल्यावर कळलं. रेल्वे, पोलीस, बँक अशी खेळाडू कोट्यातली नोकरी लागली तर ठीक. नोकरी लागायच्या आधी गुडघा गेला तर खेळही गेला आणि नोकरीही.

म्हणून ढवळ्याशी सहमत. हौशी खेळ म्हणजे फुकटात मिळालेली निष्ठा. ती बघायला छान वाटते. पण ऑपरेशनचे पैसे, पगार बुडाला त्याचे पैसे, हे तिथे कोण देतं?

लिमरिककर

चढाईपटू, तिथे खेळाडूंच्या दुखापतीसाठी संस्थेचा सामायिक निधी आहे. प्रत्येक क्लब आपल्या संघांची नोंदणी करून त्यात पैसे भरतो. त्यातून उपचाराचा खर्च आणि बुडालेल्या पगाराचा काही भाग मर्यादेत मिळतो. तो विमा नव्हे, त्यामुळे सगळं भरून निघत नाही, याबद्दल तक्रारीही असतात. तुमच्या मुद्द्यातला तेवढा भाग मान्य.

पण मला जे म्हणायचंय त्याला एक जिवंत पुरावा आहे, आणि तोही त्याच गल्लीतला. टॉमी वॉल्श. क्लब तोच, केरिन्स ओ'राहिलीज. वय जवळपास तेच. बापही तसाच : शॉन वॉल्श, ओगी मोरनच्याच सुवर्णकाळातल्या केरी संघातला. टॉमी २००८ ला वर्षातला सर्वोत्तम तरुण फुटबॉलर झाला, २००९ च्या अंतिम सामन्यात चमकला, आणि लगेच ऑस्ट्रेलियाला गेला. तिथला ऑस्ट्रेलियन रुल्स हा खेळ याला जवळचा आणि पूर्ण पगारी. आधी सेंट किल्डा, मग सिडनी. २०१३ ला मांडीमागचा स्नायू हाडापासून सुटला. त्यानंतर तिथली कारकीर्द संपली आणि तो ट्रलीला परतला.

म्हणजे एकाच क्लबातले दोन मित्र, दोघांचीही ऐन उमेदीतली वर्षं दुखापतीत गेलेली. एक पगारी खेळात, एक हौशी. पगारी खेळानं एकाला घरी पाठवलं. हौशी खेळात 'घरी पाठवणं' हा प्रकारच नाही, कारण तुम्ही घरीच असता. मोरन बरा होत होता तेव्हाही तो ओ'राहिलीजचाच होता.

ढवळ्या

वॉल्शचं उदाहरण जबरदस्त आहे, पण ते तुमच्याच विरुद्ध जातं. पगारी खेळानं वॉल्शला निदान काही वर्षं पैसे दिले, ऑपरेशन करून दिलं, जग दाखवलं. परत आल्यावर त्यालाही केरीनं घेतलंच की. २०१९ चा अंतिम सामना तो खेळलाय. म्हणजे त्याला दोन्ही मिळालं!

गणितशत्रू

इथे सगळे गुडघ्यावरच बोलतायत. खरा प्रश्न कुणी विचारत नाही. २०११ ला मोरन असता तर केरी जिंकलं असतं का?

अंतिम सामना, डब्लिन विरुद्ध केरी. शेवटच्या दहा मिनिटांत केरी चार गुणांनी पुढे. मग केविन मॅकमॅनमनचा गोल, आणि अगदी शेवटी गोलकीपर स्टीफन क्लक्स्टन चालत पुढे येतो, फ्री किक मारतो, डब्लिन १-१२, केरी १-११. एका गुणानं. डब्लिनचा पुढचा सगळा डोलारा त्या किकवर उभा राहिला. त्या शेवटच्या मिनिटांत मधल्या फळीत एक उंच, ताजा माणूस असता तर? मी तर म्हणतो मोरनच्या गुडघ्यानं आयरिश फुटबॉलचं दशक बदललं.

लिमरिककर

गणितशत्रू, नाव सार्थ केलंत. २०११ ला केरीच्या मधल्या फळीत ब्रायन शीहन होता आणि त्या वर्षी त्याला मधल्या फळीतला ऑल स्टार मिळाला. म्हणजे मोरनच्या जागी कुणी लुंगासुंगा नव्हता. फ्री किक मारायला शीहनसारखा माणूस तेव्हा शोधून सापडला नसता. तो सामना केरीनं मधल्या फळीत नाही, शेवटच्या दहा मिनिटांच्या घाबरटपणात घालवला. आणि तेव्हाचा मोरन २०१४ चा मोरन नव्हता हेही विसरू नका.

सुमेधा_कॉर्क

मी कॉर्कला राहते, त्यामुळे केरीचं कौतुक करणं इथल्या कायद्यानं गुन्हा आहे, तरी दोन शब्द.

मला मोरनपेक्षा ओगीबद्दल वाटतं. आठ पदकं मिळवलेला बाप, आणि मुलगा दोनदा ऑपरेशन टेबलावर. त्या पिढीतला पॅट स्पिलेन आठवा. १९८१ मध्ये त्याचा गुडघा गेला, तेव्हा क्रुशिएट म्हणजे कारकीर्द संपली असंच समजायचे. ऑपरेशनला इंग्लंडला जावं लागलं. तो परत आला आणि १९८४, ८५, ८६ अशी सलग तीन विजेतेपदं जिंकणाऱ्या संघात खेळला. ओगी त्याच संघात होता. म्हणजे मोरनच्या घरात 'गुडघ्यावरून परत येता येतं' हे ऐकीव नव्हतं, बापानं शेजारच्या खुंटीवर कपडे टांगणाऱ्या माणसात बघितलेलं होतं. डॉ. कुंदांनी दुसऱ्या वेळचं जे लिहिलंय त्यात हे किती कामाला येत असेल!

आणि ढवळ्या, घराण्याचा फायदा झालाच असणार. पण घराण्यामुळे कुणी तुम्हाला क्रोक पार्कात हवेत उचलून धरत नाही.

ढवळ्या

सुमेधाताई, हे शेवटचं वाक्य मान्य. स्पिलेनचं माहीत नव्हतं.

चढाईपटू

एक शंका. दुखापतीनंतर खेळ बदलतो का? आमच्यातले चढाईवाले गुडघ्यानंतर कोपरा सोडून कव्हरला उभे राहतात. धावणं कमी, डोकं जास्त.

लिमरिककर

चांगला प्रश्न. माझ्या डोळ्यांना तरी बदल दिसला. परतल्यानंतरचा मोरन मैदानभर धावणारा नव्हता. तो जागा धरायचा, झेल घ्यायचा, आणि मान वर करून लांब पास द्यायचा. २०१४ ला हे फार जुळून आलं, कारण पुढे किरन डॉनहीसारखा उंच माणूस होता. कॉलम कूपर, केरीचा लाडका 'गूच', त्या वर्षी स्वतःच क्रुशिएटमुळे बाहेर होता, क्लबच्या सामन्यात फेब्रुवारीतच गुडघा गेला होता. त्यामुळे फिट्झमॉरिसला आखूड पासांचा नाजूक खेळ सोडून द्यावा लागला. मेयोविरुद्धच्या पहिल्या सामन्यात केरीचं काही खरं नव्हतं तेव्हा डॉनही बदली म्हणून आला, आणि मग लांब, उंच चेंडू टाकणारा माणूस सोन्याचा झाला. एकाचा गुडघा गेला म्हणून दुसऱ्या, गुडघा जाऊन आलेल्या माणसाच्या पायांना किंमत आली!

पुढे २०१७ पासून 'मार्क'चा नियम आला. किक-आउटचा, म्हणजे गोलकीपरनं खेळ पुन्हा सुरू करताना मारलेला, लांब चेंडू स्वच्छ झेलला तर थांबून मोकळी किक मिळते, लगेच चौघे अंगावर येत नाहीत. मोरनसारख्यासाठी हा नियम दहा वर्षं आधी यायला हवा होता.

डॉ_कुंदा

'मार्क'चा नियम गुडघ्यांसाठीही बरा. जमिनीवर येताच गर्दीत वळावं लागत नाही. तिकडे सरावाआधीच्या व्यायामाचा एक ठरावीक कार्यक्रम आहे, 'जीएए फिफ्टीन' नावाचा. उडीवरून दोन्ही गुडघे वाकवून उतरणं, एका पायावर तोल, मांडीमागच्या स्नायूंचे व्यायाम. पंधरा मिनिटांचं काम. चढाईपटू, तुमच्या तालमीतल्या पोरांना हे उद्यापासून करायला लावा, त्यासाठी कुठलं यंत्र लागत नाही. मुलींच्या संघाला तर आधी. मुलींत ही दुखापत मुलांपेक्षा कितीतरी जास्त होते आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

चढाईपटू

नक्की, ताई. व्यनि करतो, व्यायामांचा क्रम पाठवाल का?

ढवळ्या

आता माझ्याकडून एक भर, लिमरिककरांच्या बाजूनं, रडत-खडत का होईना. जो ओ'कॉनर. ट्रलीचाच, पण ऑस्टिन स्टॅक्सचा, म्हणजे ओ'राहिलीजचा शेजारी आणि कट्टर विरोधी क्लब. २०२२ ला केरीचा संयुक्त कर्णधार होता, पण गुडघा गेला म्हणून अंतिम सामना खेळला नाही. त्याच सामन्यात मधल्या फळीत चौतिशीचा मोरन. दुसरा कर्णधार शॉन ओ'शे, त्यानं ओ'कॉनरला सोबत घेऊन सॅम मॅग्वायर चषक उचलला. आणि २०२५ ला नव्या नियमांमुळे लांब किक-आउट परत आल्या, तेव्हा डोनेगॉलविरुद्धच्या अंतिम सामन्यात केरीचा एकमेव गोल कुणाचा? ओ'कॉनरचा. १-२६ विरुद्ध ०-१९.

त्यामुळे 'वाट बघतात' हे मान्य. केरीत तरी बघतात. लहान परगण्यांबद्दलचा माझा आक्षेप कायम.

लिमरिककर

आक्षेप नोंदवून घेतला. त्यावर मला उत्तर सुचत नाहीये, कारण ज्यांची वाट बघितली गेली नाही त्यांची नावं आपल्यापर्यंत येणारच नाहीत.

एक राहिलं. २०२२ च्या चषकानंतर मोरन लगेच थांबला नाही. क्लबकडे गेला. त्याच डिसेंबरमध्ये केरिन्स ओ'राहिलीजनं मन्स्टर प्रांताचं क्लब विजेतेपद जिंकलं, क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा. टॉमी वॉल्श सोबत होता. ट्रलीच्या स्ट्रँड रोडवर त्या हिवाळ्यात निळे झेंडे लागलेले होते. जुलैत क्रोक पार्कवर ऐंशी हजारांसमोर खेळायचं आणि डिसेंबरात चिखलात क्लबसाठी. मला विचाराल तर त्याच्या कारकिर्दीतलं सगळ्यात भारी वर्ष हेच, २०१४ नव्हे.

गणितशत्रू

२०११ चं मी सोडणार नाही.

नानबा

सोडू नका 😀 लिमरिककर, सामने भारतातून बघता येतात का? लेकीला दाखवायचेत, ती बास्केटबॉल खेळते, झेल बघून खूश होईल.

लिमरिककर

'जीएए प्लस' नावाची त्यांची स्वतःची ऑनलाइन सेवा आहे, पैसे भरून. बाद फेऱ्या जून-जुलैत, अंतिम सामना जुलैच्या शेवटी. आपल्याकडे साधारण रात्री आठ वाजता सुरू होतो, म्हणजे जेवताना बघता येईल. लेकीला आधी २०१४ च्या लिमरिकच्या सामन्याची क्षणचित्रं दाखवा, ती फुकट सापडतील. आणि तिला सांगा, उतरताना गुडघे वाकव.